मोटारीचा भोंगा मुका झाला, तर...

मोटारीतील चोरीविरोधी यंत्रणेचा विचार करताना वाहनमालकाचे लक्ष रिमोट, सेंट्रल लॉकिंग आणि डॅशबोर्डवर लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे असते. प्रत्यक्ष आरडाओरडा करण्याचे काम ज्याच्याकडे असते तो सायरन मात्र बॉनेटखाली धूळ, उष्णता आणि पावसाचे पाणी सोसत वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो. हा भोंगा दोन प्रकारे बिघडतो. गरज असते तेव्हा तो वाजत नाही किंवा गरज नसताना थांबत नाही. पहिला बिघाड मालकाच्या लक्षातच येत नाही. दुसरा मध्यरात्री साऱ्या हाऊसिंग सोसायटीच्या लक्षात येतो.

परिणाम मात्र दोन्हींचा एकच असतो. वाहनावरचा पहारा उठतो. वारंवार उगाच वाजणाऱ्या भोंग्याकडे शेजारी आणि वॉचमन लक्ष देईनासे होतात. अखेर कंटाळून मालक स्वतःच वायर ओढून काढतो आणि मोकळा होतो. सायरन चोराला अडवत नाही, तो केवळ लोकांचे लक्ष वेधतो. त्यामुळे लोकांचा विश्वास उडाला की त्याचा उपयोगही संपतो.

सायरन बंद पडला म्हणजे तो जळाला, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः अनेकदा दोष सायरनमध्ये नसून फ्यूज, अर्थची जोडणी, गंजलेला कनेक्टर किंवा अशक्त बॅटरी यांत असतो. अशा वेळी नवा सायरन बसवला तरी तोही मुकाच राहतो. म्हणून आधी निदान आणि मग खर्च, हा क्रम पाळणे श्रेयस्कर. बाजारातून बसवून घेतलेल्या अलार्म यंत्रणेच्या बाबतीत हे निदान घरच्या घरी, साध्या साधनांनी करता येते.

यंत्रणेची रचना

अलार्म यंत्रणेचा मेंदू म्हणजे तिचे नियंत्रक युनिट. ते बहुधा डॅशबोर्डखाली बसवलेले असते. दरवाजांचे स्विच, बॉनेटचा पिन स्विच आणि धक्का ओळखणारा शॉक सेन्सर यांच्याकडून आलेली सूचना हे युनिट तपासते आणि धोका जाणवल्यास सायरनकडे १२ व्होल्टचा प्रवाह सोडते.

सायरनचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. साध्या सायरनला दोनच वायरी असतात. एकीतून युनिटकडून प्रवाह येतो, दुसरी गाडीच्या पत्र्याला म्हणजे अर्थला जोडलेली असते. आवाजाचे चढउतार निर्माण करणारे छोटे सर्किट सायरनच्या पोटातच असते. दुसरा प्रकार स्वतःची बॅटरी असलेल्या सायरनचा. चोराने गाडीच्या बॅटरीची वायर कापली तरी तो वाजत राहतो. त्याला गाडीच्या बॅटरीकडून कायम प्रवाह मिळतो, सूचनेसाठी वेगळी वायर असते आणि तो बंद करण्यासाठी बाजूला छोटी किल्ली दिलेली असते. त्याच्या आतील बॅटरी काही वर्षांनी निकामी होते. कधी ती पाझरते आणि तिच्यातील रसायन सर्किट खाऊन टाकते. मग सायरन क्षीण वाजतो किंवा आपोआप ओरडू लागतो.

काही गाड्यांत कंपनीच्या अलार्मसाठी वेगळा सायरन नसतोच. गाडीचा नेहमीचा हॉर्नच वाजवला जातो. म्हणून आपल्या गाडीत नेमकी कोणती व्यवस्था आहे, हे माहितीपुस्तिकेतून आधी पाहून घ्यावे.

सोपे ते आधी

हत्यारे काढण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट रिमोटची. अनेक यंत्रणांत आवाज न करता गाडी लॉक करण्याची सोय असते. त्यासाठीचे बटण चुकून दाबले गेले तर लॉक करतानाचा ‘चिक’ असा आवाज बंद होतो आणि सायरन बिघडल्याचा भास होतो. इंडिकेटर लुकलुकत असतील आणि रिमोटवरील पॅनिक बटण दाबल्यावर सायरन पूर्ण आवाजात वाजत असेल, तर बिघाड काहीच नाही. गॅरेजवाल्याने यंत्रणा व्हॅले मोडमध्ये, म्हणजे तात्पुरत्या विश्रांतीत ठेवली असल्यासही अलार्म वाजत नाही.

दुसरी गोष्ट गाडीच्या बॅटरीची. इंजिन काही तास बंद ठेवून मल्टिमीटरने मोजल्यास सुदृढ बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हा आकडा १२ च्या आसपास आला असेल तर बॅटरी जवळजवळ रिकामी समजावी. अशा स्थितीत सायरन घोगरा वाजतो आणि युनिट कधी कधी स्वतःच गोंधळून अलार्म देते. उभी असलेली गाडीही घड्याळ, अलार्म इत्यादींसाठी थोडा प्रवाह घेत असते. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला, तरी ३५ अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे महिन्याभरात रिकामी होते. २०२० च्या टाळेबंदीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या असंख्य गाड्यांच्या मालकांनी याचा अनुभव घेतला.

तिसरी गोष्ट फ्यूजची. बाजारातून बसवलेल्या यंत्रणेचा फ्यूज गाडीच्या मूळ फ्यूज बॉक्समध्ये नसून बहुधा युनिटच्या लाल वायरवरच छोट्या डबीत असतो. तो उडालेला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चांदी गुंडाळणे म्हणजे गाडीला आग लागण्याची सोय करणे होय. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कोठेतरी वायर सोलवटून पत्र्याला टेकली आहे, असे समजावे.

परीक्षा कनेक्टरपाशी

वरील तिन्ही बाबी ठीक असतील तर सायरनच्या कनेक्टरपाशी यावे. दोष कनेक्टरच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढाच प्रश्न येथे सोडवायचा असतो.

कनेक्टर सोडवून आधी तो पाहावा. पितळी टोकांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसल्यास ती ओलाव्याने आलेली असते. पॉलिश पेपरने टोके घासून पुन्हा जोडल्यावर अनेक सायरन वाजू लागतात. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हेही पाहावे. इमारतीच्या तळमजल्यावर किंवा झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा उपद्रव नित्याचा आहे.

त्यानंतर टेस्ट लॅम्पची पाळी. पार्किंग लाइटचा ५ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी एवढ्यावर तो घरी तयार होतो. बल्बची दोन टोके कनेक्टरच्या दोन वायरींना जोडून रिमोटचे पॅनिक बटण दाबावे. ते नसल्यास काच खाली करून गाडी लॉक करावी, मिनिटभर थांबावे आणि खिडकीतून हात घालून आतून दरवाजा उघडावा. अलार्म सुरू होतो.

बल्ब लखलखीत पेटला तर प्रवाह कनेक्टरपर्यंत पोहोचत आहे, दोष सायरनमध्येच आहे. बल्ब मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर त्याचे अर्थकडील टोक काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. आता तो नीट पेटला तर सायरनची अर्थची जोडणी गंजलेली आहे. तरीही पेटला नाही, तर युनिटपासून येणारी वायर तुटली आहे किंवा युनिटच निकामी झाले आहे. या दोन्ही शक्यतांत सायरन बदलून काहीही साध्य होणार नाही.

हीच परीक्षा केवळ मल्टिमीटरने केल्यास फसगत होऊ शकते. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. त्यामुळे वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला मात्र सुमारे ०.४ अँपिअर लागतो आणि कमकुवत जोडणी तेथे उघडी पडते.

सायरन दोषी ठरल्यावर खात्रीसाठी तो काढून, २ अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून, क्षणभर थेट १२ व्होल्टला जोडून पाहता येतो. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल होऊ देऊ नये. त्याने चांगला सायरनही जळू शकतो. ही चाचणी सायरन जाड टॉवेलमध्ये गुंडाळून आणि कानांत बोळे घालूनच करावी. सायरनवर ११० ते १२० डेसिबलचे आकडे छापलेले असतात. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ११५ डेसिबलच्या आवाजाची सुरक्षित मर्यादा दिवसभरात जेमतेम अर्धा मिनिट आहे.

उगाच वाजणारा भोंगा

सायरन विनाकारण वाजत असेल तर संशय प्रथम सेन्सरांवर घ्यावा. बॉनेटचा पिन स्विच पावसात गंजतो आणि बॉनेट उघडले असल्याची खोटी वर्दी देतो. त्याची वायर सोडवल्यावर एखाद-दोन रात्री शांततेत गेल्या, तर चोर सापडला. त्याचप्रमाणे दरवाजा बंद असूनही आतला दिवा मध्येच लागत असेल, तर दरवाजाचा स्विच बदलावा.

शॉक सेन्सरची संवेदनशीलता कमीजास्त करण्यासाठी त्यावर छोटा स्क्रू असतो. शेजारून ट्रक गेला किंवा फटाका फुटला की अलार्म होत असल्यास तो थोडा कमी करावा. बंद मुठीने खिडकीच्या चौकटीवर ठोकल्यावर वाजावे आणि बोटाने टिचकी मारल्यास वाजू नये, हे साधारण प्रमाण. अनेक यंत्रणा अनलॉक करताना डॅशबोर्डवरील दिव्याच्या उघडझापीतून अलार्म कशामुळे झाला, हे सांगतात. या खुणांचा तक्ता माहितीपत्रकात मिळतो.

या दुरुस्तीला नागरी कर्तव्याचीही बाजू आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल आहे. खिडकीखाली बोंबलणारा सायरन ती मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडतो. शेजारच्या घरातील रुग्ण, तान्ही बाळे आणि परीक्षार्थी यांना त्याची किंमत मोजावी लागते.

नवा सायरन निवडताना

नवा सायरन १२ व्होल्टचा आणि जुन्याच प्रकारचा असावा. तो किती प्रवाह घेतो, हे त्यावर लिहिलेले असते. युनिटच्या माहितीपत्रकात दिलेल्या क्षमतेहून तो आकडा अधिक असल्यास मध्ये रिले बसवावा लागतो. अन्यथा युनिट जळण्याचा धोका असतो. अधिक डेसिबलच्या मोहात पडू नये. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे मल्टिमीटर, कनेक्टर, रिले असे लागणारे सर्व साहित्य मिळते.

बदलण्याची कृती

इंजिन थंड होऊ द्यावे. यंत्रणा व्हॅले मोडमध्ये टाकावी. सायरनमध्ये स्वतःची बॅटरी असल्यास तो किल्लीने आधी बंद करावा, कारण प्रवाह तुटताच ओरडणे हेच त्याचे काम असते. त्यानंतर गाडीच्या बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो आधीच लिहून ठेवावा.

जुन्या जोडणीचा मोबाइलवर फोटो काढून मग सायरनचा बोल्ट सोडवावा. नवा सायरन शक्यतो जुन्याच जागी, एक्झॉस्ट आणि रेडिएटरच्या पंख्यापासून दूर बसवावा. त्याचे तोंड खाली झुकलेले असावे. महाराष्ट्रातील चार महिन्यांच्या पावसात वर तोंड करून बसवलेल्या भोंग्याची वाटी होते आणि तिच्यात साचलेले पाणी सर्किटचा घास घेते. प्रेशर पंपाने इंजिन धुतानाही सायरनवर प्लास्टिकची पिशवी बांधावी.

अर्थची वायर जोडण्याच्या जागेवरील रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत करावा, बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा चिकटा सुटतो. डाग देऊन किंवा क्रिंप करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. मग ऋण टोक जोडून रिमोटचा ‘चिक’ आवाज, पॅनिक बटण, प्रत्येक दरवाजा आणि बॉनेट यांची क्रमाने चाचणी घ्यावी. ही चाचणी दिवसाउजेडी आणि शेजाऱ्यांना कल्पना देऊन केलेली बरी.

बॅटरी असलेला जुना सायरन घरगुती कचऱ्यात टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार अशा बॅटऱ्या वेगळ्या जमा करायच्या असतात.

कोठे थांबावे

कंपनीने बसवलेल्या अनेक आधुनिक सायरनांना साधा १२ व्होल्टचा इशारा मिळत नाही. ते युनिटशी डेटा वायरवरून सांकेतिक संदेशांत बोलतात. तेथे टेस्ट लॅम्पची परीक्षा लागू पडत नाही आणि नवा सायरन संगणकाने नोंदवावा लागतो. हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचेच. वॉरंटीतील गाडीची वायर कापू नये. डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातील वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटर वा बल्ब लावणे धोक्याचे आहे. सायरनची किल्ली हरवली असल्यास किंवा युनिट सदोष आढळल्यास जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

थोडक्यात निदान

- ‘चिक’ नाही, पण पॅनिकला वाजतो : रिमोटचा मूक पर्याय सुरू आहे.
- घोगरा किंवा क्षीण आवाज : बॅटरी, अर्थ किंवा सायरनमध्ये शिरलेले पाणी.
- बल्ब पेटतो, सायरन गप्प : सायरन बदलावा.
- बल्ब बॅटरीच्या ऋण टोकालाच पेटतो : अर्थची जोडणी साफ करावी.
- बल्ब पेटतच नाही : फ्यूज, वायर किंवा युनिट.
- रात्री उगाच वाजतो : बॉनेटचा पिन, दरवाजाचे स्विच, शॉक सेन्सर, बॅटरी.

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा पॅनिक बटण दाबून भोंगा ऐकावा आणि कनेक्टर उघडून पाहावा. या कामाला दहा मिनिटे पुरतात. जो भोंगा नेमक्या वेळी वाजतो आणि एरवी गप्प राहतो, त्याच्याकडेच लोक मान वळवून पाहतात.