कापणीयंत्राचें तोंड व शेपूट

गेल्या कार्तिकांत आम्ही हिंजवडीहून माणगांवच्या बाजूस जात होतों. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या कांचेच्या इमारती मागें पडून भाताचीं खाचरें जेथें सुरू होतात, तेथें एका झाडाच्या सावलींत एक कापणीयंत्र उभें असलेलें दृष्टीस पडलें. त्याचें तोंड, म्हणजे चालविणारे ज्यास 'हेडर' म्हणतात तो पुढचा रुंद भाग, सोडवून जमिनीवर ठेविला होता आणि दोन तरुण कारागीर त्याच्या पात्याचे मोडके दाते एकेक करून बदलीत होते. यंत्राच्या मागच्या अंगास पेंढा उधळण्याचीं दोन चक्रें असतात. तीं मात्र काढून एका पोत्यांत गुंडाळून टाकलीं होतीं, आणि पुन्हां बसविण्याचा कोणाचा विचार दिसत नव्हता. कारण विचारतां त्यांपैकीं एकानें मान वर न करतांच सांगितलें, "सर, पेंढा उधळला तर शेतकरी यंत्र रानात घालूच देत नाही."

हें उत्तर ऐकून आम्हांस पॅलॅडियस आठवला. प्राध्यापकी पेशाचा हा दोष वाचकांनीं पोटांत घालावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनीनें गॉल देशांतील मोठमोठ्या जमीनदाऱ्यांवर चालणाऱ्या एका यंत्राचा उल्लेख केला आहे. दोन चाकांची एक पेटी, तिच्या पुढील कांठास दातांची ओळ, आणि मागें जुंपलेलें जनावर ती पिकांत ढकलीत नेणारें. कणसें तुटून पेटींत पडत. पुढें पॅलॅडियसनें ह्याच यंत्राचें सविस्तर वर्णन करून पिकाच्या उंचीप्रमाणें दाते वरखालीं करण्याची सोयही सांगितली आहे. 1958 सालीं बेल्जममधील ब्यूझेनोल येथें ह्या यंत्राचें शिल्प सांपडलें, तेव्हां हें वर्णन कल्पित नव्हे अशी खात्री पटली. पण आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें पॅलॅडियसनें घातलेलें बंधन. जमीन मोकळी व सपाट असेल, आणि जेथें काडाची गरज नसेल, तेथेंच हें यंत्र कामाचें, असें तो स्पष्ट सांगतो. ह्या दोन अटी पुढील सर्व शोधकांनीं न बोलतां गृहीत धरल्या.

दक्षिण ऑस्ट्रेलियांत 1843 सालीं रिडलेचें कणसें ओरबाडणारें यंत्र निघालें तें कापणीस माणसें मिळेनात म्हणून. मागें उभ्या राहिलेल्या काडाचें काय करावें हा तेथें प्रश्नच नव्हता. अमेरिकेंत मिशिगनच्या मूर व हॅस्कल ह्यांनीं कापणी व मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचें पेटंट 1836 सालींच घेतलें होतें. त्यांचें एक यंत्र 1854 सालीं कॅलिफोर्नियांत नेलें, आणि त्यानें एका हंगामांत सहाशें एकरांवर पीक उरकलें. दोन वर्षांनीं, तेल घालण्यांत हयगय झाल्यामुळें, एक बेअरिंग तापून तें जळालें असें सांगतात. कापणीयंत्राच्या इतिहासांत शोधकांचीं नांवें सर्वत्र आढळतात, तेलाच्या बुधल्याचें नांव कोणी घेत नाहीं.

आमच्याकडे ह्या विद्येचा आरंभ अगदीं उलट्या टोंकाकडून झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत शेतकऱ्यांसाठीं जीं पहिलीं यंत्रें केलीं, त्यांत कडबा कापण्याचें यंत्र होतें. लोखंडी नांगर 1903 सालचा, आणि किर्लोस्करवाडी 1910 सालची. आतां गंमत अशी, कीं कडबा कापणारें हें पातें आणि आजच्या कापणीयंत्राच्या शेपटास असलेलें काड चिरण्याचें पातें हीं जातीनें एकच. परंतु एक गोठ्याच्या दारांत वैरण वाया जाऊं नये म्हणून फिरतें, आणि दुसरें काडाची ब्याद शेतांतच मोडावी म्हणून. मावळांत पाऊस दांडगा, ज्वारी जवळजवळ नाहीं; तेव्हां भाताचा पेंढा हाच गुरांचा वर्षाचा आधार. येथें शेतांत जाळणें मुळींच नव्हतें असें नाहीं. रोप टाकण्यापूर्वीं राब भाजण्याची चाल जुनी आहे, आणि डॉ. व्होल्कर ह्यांच्या 1893 च्या अहवालांतही तिची चर्चा आहे. पण त्या आगींत डहाळ्या, पालापाचोळा व शेण जाई. चांगला पेंढा जाळणारास गांवानें वेड्यांत काढलें असतें.

पॅलॅडियसची दुसरी अट, सपाट मोकळ्या जमिनीची, ती तपासण्यास हिंजवडीपासून दूर जावें लागत नाहीं. पांचसात मैलांवरच्या पिंपळे सौदागर ह्या गांवाची पाहणी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनीं केली व 1917 सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. 1771 सालीं त्या गांवीं सरासरी धारण 40 एकरांची होती. 1914-15 सालीं ती 7 एकरांवर आली. 156 जमीनधारकांचे मिळून 729 तुकडे, त्यांपैकीं 463 एक एकराहून लहान आणि 112 पाव एकराहूनही लहान! पाव एकराचा तुकडा चौरस धरला तर त्याची एक बाजू अवघी 104 फूट भरते. चौदा फुटी हेडरानें तेथें आठ फेऱ्या व सात वळणें घ्यावयाचीं, आणि वळण्यापुरती जागा आधीं विळ्यानें कापून मोकळी करावयाची; म्हणजे विळा सुटत नाहींच. मुंबई सरकारनें 1947 सालीं तुकडेबंदीचा कायदा केला, पण वारसांची संख्या कायद्यास भीक घालीत नाहीं. आज पिंपळे सौदागरांत त्या तुकड्यांवर उंच इमारती उभ्या आहेत. तेवढाच तो प्रश्न मिटला म्हणावयाचा.

पंजाबची गोष्ट वेगळी. तेथें 1980 सालीं 'स्वराज 8100' हें स्वदेशी कापणीयंत्र बाजारांत आलें आणि मोकळ्या मैदानांत तें झपाट्यानें पसरलें. गव्हाचें काड तेथील शेतकरीही भुसा करून जपतो. भाताचा पेंढा मात्र जनावरें आवडीनें खात नाहींत. चौदा फूट रुंदीचें पीक गिळून यंत्र तो सारा आपल्या अंगाच्या अरुंद पट्ट्यांत मागें टाकतें. त्या ढिगांत पेरणीचें यंत्र अडकतें. त्यांत 2009 च्या भूजलकायद्यानें लावणी लांबविली, आणि भातकापणी व गव्हाची पेरणी ह्यांमधील अवकाश दोनतीन आठवड्यांवर आला. मग आगकाडी. राष्ट्रीय हरित लवादानें 2015 सालीं जाळण्यास बंदी केली. लुधियानाच्या कृषि विद्यापीठानें यंत्राच्या शेपटास काड चिरून सारखें पसरणारें जोडसाधन सुचविलें, आणि 2018 सालीं पंजाबांत तें सक्तीचें झालें. पंजाबापुरता हा उपाय आम्हांस योग्य वाटतो, जरी त्यानें डिझेल जास्त जळतें. तोच सर्व देशास एका मापानें लावूं म्हणणारांनीं मावळांतला एखादा गोठा पाहून यावा.

उसाच्या बाबतींत मात्र आम्हांस दुसऱ्या बाजूनें बोलावें लागतें. हिंजवडीच्या पलीकडे कासारसाईस संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे, आणि चाकणला तर ऊसतोडणीचीं यंत्रेंच तयार होतात. हें यंत्र पुढून वाढें छाटतें, बुडाशीं ऊस कापतें, आणि पंख्यानें पाचट रानांत फेंकतें. वाढ्यांची वैरण त्यांत गेली हा तोटा खरा. पण पाचट सरीवर सारखें पसरलें तर खोडव्यास ओल टिकते, तें जाळण्यांत शहाणपण नाहीं. तथापि येथें यंत्र जमिनीसाठीं न वांकतां जमीन यंत्रासाठीं वांकली: अडीचतीन फुटांच्या सऱ्या मोडून चारपांच फुटांच्या कराव्या लागल्या. लहान शेतकऱ्यास तें एकट्यानें साधत नाहीं.

त्या दिवशीं संध्याकाळीं परततांना आम्हीं तेंच यंत्र खाचरांत चालतांना पाहिलें. आंबेमोहर असता तर वाऱ्यानें केव्हांच लोळला असता; हें भात वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांतून 1987 सालीं निघालेलें इंद्रायणी, त्यामुळें बरेंच उभें होतें. रिळाची गति कारागिरानें मुद्दाम कमी ठेविली होती, कारण तें चालीपेक्षां फार वेगानें फिरलें कीं लोंबीवर आपटून दाणे जमिनीवर सांडतात. मागें उधळणीचीं चक्रें नसल्यानें पेंढा एका ओळींत पडत होता व दोन बायका त्याच्या पेंढ्या बांधीत होत्या. त्यांतील वयस्क बाई आम्हांस म्हणाल्या, "यंत्राचा पेंढा चुरगळतो दादा, गाय आधी हुंगते आणि मगच खाते. पण लांब मिळाला तर चालतो." लांब मिळावा म्हणून हेडर जमिनीपासून चार बोटांवर उतरविला होता. बांधाचे ढासळलेले दगड तेवढ्या उंचीवर पात्यास लागतात, आणि दाते मोडतात. सकाळपासून अकरा बदलले होते. बारावा मोडल्याचा आवाज आम्ही तेथें उभे असतांच झाला, आणि यंत्र थांबलें.