मांजराचें नख आणि दिवाणखान्यांतील गालिचा

यवतमाळहून धामणगांवच्या रेल्वे-स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगांव लागतें. या गांवाच्या नांवांतच जी बाभूळ आहे, तिची साल काळसर, खरबरीत आणि उभ्या भेगांनीं चिरलेली असते. मांजराला नख लावण्यास याहून आवडती जागा क्वचितच सांपडेल. आणि फाटलेल्या गालिच्यांची कहाणी खरें पाहतां अशा सालीपासूनच सुरू होते.

मांजर ओरबाडतें तें खोडसाळपणानें नव्हे. नखावरील जुनें कवच गळून आंतील तीक्ष्ण टोंक मोकळें व्हावें, झोपेनंतर पाठ व पाय ताणले जावेत, आणि पंजांतील ग्रंथींचा वास मागें राहून हद्दीची खूण पटावी, अशीं तीन कामें त्यांत उरकतात. माणसाचा व मांजराचा स्नेह जुळला तोहि या नखामुळेंच. सायप्रस बेटावर सुमारें ९५०० वर्षांपूर्वीं माणसाशेजारीं पुरलेल्या मांजराचा शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. धान्याचीं कोठारें आलीं, उंदीर आले, आणि त्यांच्यामागून मांजर आलें.

वऱ्हाडांतील जुन्या घरांतहि करार हाच होता. ज्वारीच्या कणग्या आणि सरकीचीं पोतीं मांजरानें राखावयाचीं. मोबदला म्हणून चुलीजवळची ऊब व वाटीभर दूध. जमीन शेणानें सारवलेली. बसावयास घोंगडी किंवा सतरंजी, आणि तीहि काम संपतांच गुंडाळून ठेवलेली. अकोटची सतरंजी प्रसिद्ध खरी, पण ती अष्टौप्रहर अंथरलेली नसे. मग मांजराला फाडावयास घरांत होतें काय? अंगणांत जळणाचे ओंडके रचलेले, गोठ्याचा खांब उभा. तेथें तें आपलें काम उरकी. शिवाय मांजर मारल्यास काशीस सोन्याचें मांजर दान करावें लागतें, ही समजूत घरोघर असल्यामुळें धाक मांजराचाच अधिक!

१८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढें कापसाच्या व्यापाराबरोबर रेल्वे आली, वकील-व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत गादीचे कोच आले, गालिचे कायमचे अंथरले गेले. अंगण मात्र आखडत चाललें. मांजराचा स्वभाव तोच राहिला, घर बदललें.

पश्चिमेकडे यावर निघालेला उपाय क्रूर होता. अमेरिकेंत १९५२ च्या सुमारास नखें शस्त्रानें काढण्याची रीत पशुवैद्यांत रूढ होऊं लागली. नांव नख काढण्याचें. प्रत्यक्षांत बोटाच्या शेवटच्या पेराचें हाडच छाटलें जातें. कोच वांचतो, पण पंजाचें दुखणें कांहीं मांजरांना जन्मभर पुरतें. १९८७ च्या युरोपीय करारानें ही रीत निषिद्ध ठरविली. न्यूयॉर्क राज्यानें २०१९ सालीं तिच्यावर बंदी घातली. भारतांतहि १९६० च्या कायद्यानें प्राण्याचा अंगच्छेद करणें हा गुन्हा ठरविला आहे.

मारल्या-ओरडल्यानें मांजर एवढेंच शिकतें कीं, हें काम घरधन्याच्या पाठीमागें करावयाचें. त्यापेक्षां काथ्याचा दोर गुंडाळलेला, तीन फूट उंचीचा, न डगमगणारा खांब त्या फाटक्या कोचालाच खेटून उभा करावा. कोचावर कांहीं दिवस गुळगुळीत कापड ताणून ठेवावें. आणि दोन-तीन आठवड्यांनीं नखाचें केवळ टोंक, आंतील गुलाबी भागास धक्का न लावतां, कापावें. बाभुळगांवाकडे तर दोरहि विकत आणावयास नको. जळणांतला एक जाड ओंडका, साल न सोलतां, जड पाटावर पक्का बसविला म्हणजे झालें. त्यानें दिवाणखान्याची शोभा थोडी उणावेल हें खरें. पण फाटलेला कोच तरी कोठें शोभतो?