रसदीचे पंख

इतिहासकारांची दृष्टी बहुधा तलवारीकडे जाते. तलवार धरणाऱ्या हाताला भाकरी कोणी पोहोचविली, हा प्रश्न मागे पडतो. आपणां मराठी माणसांस तरी त्या प्रश्नाचे मोल निराळे सांगावयास नको. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर भाऊसाहेबांची फौज रणात उतरली ती रसद तुटल्यावर, उपाशीपोटी. पराक्रमात उणे काही नव्हते. उणे होते ते धान्य. पुढे १९४७ साली, पानिपतापासून फार दूर नसलेल्या दिल्लीत, हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी मात्र रसदीचे तांडे आकाशमार्गाने गेले. त्या पंख्याच्या भारवाहू विमानांचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने करावे, असे आम्हांस वाटले.

त्यास आणखी एक कारण आहे. वडिलांच्या नोकरीमुळे आमचे बालपण आग्र्यात गेले. खेरिया विमानतळावरून दुहेरी शेपटीची ‘पॅकेट’ विमाने उठत आणि मालपुऱ्याच्या मैदानावर छत्रीधारी सैनिकांच्या पांढऱ्या छत्र्या उमलत. गणेशोत्सवातील व्याख्यान ऐन रंगात असता डोक्यावरून तो घरघराट जाऊ लागला की वक्ते क्षणभर थांबत आणि श्रोते वर पाहत. त्या आवाजामागे केवढा इतिहास आहे, हे तेव्हा आम्हां मुलांना कोठून कळणार?

त्या इतिहासाचा प्रारंभ डाकोटापासून होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही विमाने हजारोंच्या संख्येने बांधली. प्रत्येक विमानाला प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची दोन इंजिने असत. एकेका इंजिनात चौदा सिलिंडर, दोन कड्यांत, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेले. शक्ती सुमारे १,२०० अश्वशक्ती. थंड ठेवण्यासाठी पाणी नको, समोरून येणारा वारा पुरे. विमान बराच वेळ उभे राहिले की तेल खालच्या सिलिंडरांत उतरून साचे. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून घ्यावा लागे. मग खोकत, निळसर धूर ओकत एकेक सिलिंडर जागा होई. दिसण्यात रुबाब नाही, वेग बेताचा. परंतु कच्च्या धावपट्टीवर उतरावे आणि पुन्हा उठावे, हा डाकोटाचा मोठा गुण.

तो गुण २७ ऑक्टोबर १९४७ रोजी देशाच्या उपयोगी पडला. काश्मीरच्या महाराजांनी सामीलनाम्यावर सही केली होती आणि टोळीवाले बारामुल्लापर्यंत पोहोचले होते. त्या पहाटे दिल्लीहून पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन डाकोटा निघाले. वायुदलाची विमाने अपुरी, म्हणून खासगी कंपन्यांची विमानेही कामास लावली होती. श्रीनगरचा विमानतळ अद्याप आपल्या हाती आहे की नाही, याची निघताना खात्री नव्हती. पलटणीचे नायक लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले. पण विमानतळ राहिला, म्हणून श्रीनगर राहिले.

पुढे वेढ्यात सापडलेल्या पूंछची रसद याच विमानांनी चालविली. तेथील धावपट्टी तयार करण्यास निर्वासितांचे हात लागले होते. धान्य आणि दारूगोळा उतरवून विमाने परत फिरत, ती जखमींना व निर्वासितांना घेऊन.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेह येथे डाकोटा उतरविले. लेहची उंची साडेदहा हजार फुटांहून अधिक. ती धावपट्टी सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या साहाय्याने सिद्ध केली होती. येथे इंजिनाची अडचण ध्यानी घेतली पाहिजे. उंचावर हवा विरळ होते. इंजिनाला श्वास कमी पडतो, पंख्याची पकड ढिली होते आणि पंखांना आधारही कमी मिळतो. म्हणजे शक्तीची गरज सर्वाधिक असते, नेमकी तेव्हाच ती घटते.

१९५४ पासून आलेल्या पॅकेट विमानांपुढेही हीच अडचण होती. त्यांची अठरा सिलिंडरांची इंजिने जबर खरी, तरी हिमालयात तीही धापा टाकू लागली. तेव्हा विमानाच्या पाठीवर ऑर्फियस जातीचे एक लहान जेट इंजिन बसविण्यात आले. जुन्या बैलगाडीला तिसरा, तरणा बैल जुंपावा, तशी ही जोड! २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डी येथे, साडेसोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर, पॅकेट उतरविले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चार इंजिनांच्या रशियन एएन-१२ विमानांनी चुशूलला चक्क रणगाडे पोहोचविले.

या सेवेची किंमतही मोजावी लागली. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेले एएन-१२ खराब हवामानामुळे माघारी वळले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. आत १०२ माणसे होती. पस्तीस वर्षांनी, २००३ साली, गिर्यारोहकांना हिमनदीवर पहिला माग लागला. पुढे थोडे थोडे अवशेष मिळत गेले. २०२४ साली आणखी चार देह हाती आले, तेव्हा अपघातास छप्पन्न वर्षे होऊन गेली होती. या काळात कित्येक आईबाप वाट पाहतच गेले. रणांगणावर पडलेल्याची वीरगाथा होते. ओझे वाहताना वा कामावर रुजू होण्यास जाताना गेलेल्याची पुष्कळदा केवळ नोंद होते.

पॅकेट आणि एएन-१२ आता सेवेत नाहीत. एक डाकोटा मात्र विलायतेत दुरुस्त होऊन, माजी डाकोटा-वैमानिकाच्या पुत्राची भेट म्हणून, २०१८ साली वायुदलाकडे आले. त्याचे नाव ‘परशुराम’. कोकणच्या माणसाला हे नाव ऐकून आनंद व्हावा. आजही लडाखच्या वाटेवर नव्या घडणीची पंख्याची विमाने धान्य, औषधे आणि टपाल नेत असतात. आपल्यापैकी कित्येकांची मुले सैन्यात आहेत. त्यांना घरून गेलेले पत्र वा दिवाळीचा फराळ शेवटच्या टप्प्यात पोहोचतो तो अशाच विमानांनी. पानिपतावर जे तुटले, ते या विमानांनी तुटू दिले नाही. म्हणून लढवय्यांच्या नावांशेजारी, त्यांची रसद पोहोचविणाऱ्या या माणसांची नावेही आपल्या मुलांना ठाऊक असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.