उटणे : नित्य आणि नैमित्तिक

नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान करण्याची चाल महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतूनही टिकून आहे. आज वर्षातून एकदा पाळला जाणारा हा आचार आयुर्वेदाने मात्र नित्याचा म्हणून सांगितला होता. नित्याचे नैमित्तिक कसे झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

चरकसंहिता ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांत आकारास आली. तिच्या सूत्रस्थानात 'वर्ण्य', म्हणजे कांती वाढविणाऱ्या, दहा द्रव्यांचा एक गण दिला आहे. चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठ आणि उपळसरी ही त्यांतील आपल्या परिचयाची नावे. परंतु अभ्यंगाचे समर्थन करताना चरकाने घेतलेले दृष्टान्त शृंगाराचे नाहीत. तेल मुरलेले मडके, तेल पाजलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस जसा टिकाऊ होतो, तसे शरीर होते, असे तो सांगतो. कांती ही वरून चढवावयाची वस्तू नसून निगा राखलेल्या देहाची खूण आहे, हा त्यातील इत्यर्थ होय.

सुमारे सातव्या शतकातील वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त 'दिनचर्या' नावाचा स्वतंत्र अध्यायच लिहिला. अभ्यंग रोज करावा. मस्तक, कान व तळपाय यांना तेल विशेष लावावे. अजीर्ण असता मात्र ते वर्ज्य करावे. उटण्याने मेद झडतो व त्वचा निर्मळ होते. ऊन पाणी अंगावर घ्यावे, डोक्यावर घेऊ नये. त्याने केसांचे व डोळ्यांचे बळ घटते. पहाटे उठण्यापासून निघालेला हा अध्याय सदाचार आणि आत्मपरीक्षण यांपाशी येऊन संपतो. अंगाची निगा आणि वर्तनाची निगा त्याने वेगळी मानली नाही.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. त्यात स्नान, विलेपन इत्यादींची गणना राजाच्या उपभोगांत झाली आहे. वैद्याने जे कर्तव्य म्हणून सांगितले, ते दरबारात विलास झाले. आणि सामान्यांच्या घरी ते मुख्यतः सणाला उरले.

उत्तरेत नोकरीस असलेल्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. शेजारच्या घरी लग्नापूर्वी वधूला 'उबटन' लावतात. उबटन आणि उटणे हे दोन्ही शब्द संस्कृत 'उद्वर्तना'पासून आले आहेत. परक्या वाटणाऱ्या अंगणात आपलाच आचार दुसऱ्या नावाने नांदतो आहे.

जुने ते सारेच स्वीकारावे, असे नव्हे. नित्य अंजन आणि औषधी धूम्रपान हेही त्याच दिनचर्येत सांगितले आहे. परंतु बाजारच्या सुरम्यात पुष्कळदा शिसे आढळते व ते मुलांना घातक आहे. धूर फुप्फुसांना अपायकारक आहे. प्रत्यक्षास मान देणाऱ्या शास्त्राचा आदर निवड करूनच राखता येतो.

जे निर्धोक आहे, ते फारसे खर्चाचेही नाही. पळीभर तेल, मूठभर डाळीचे पीठ आणि कचेरीला निघण्यापूर्वीची पाव घटका एवढेच त्याला लागते. बदलीच्या गावी वाढणाऱ्या आपल्या मुलांना उटणे म्हणजे दिवाळीच्या पुडीचा वास एवढेच ठाऊक राहावे, की आपल्या देहाकडे रोज लक्ष देण्याची सवय म्हणून ते त्यांच्या हाती जावे, हे ठरविणे अजून आपल्याकडेच आहे.