प्लायची जाडी बदलली की अख्खं कपाट आपोआप कसं बदलतं?

समजा, फलटणमधल्या एका फर्निचर वर्कशॉपला कपाटाची ऑर्डर मिळाली. बाहेरची रुंदी 900 मिमी, प्लाय 18 मिमीचा. दोन बाजूंच्या फळ्यांमध्ये बसणारा कप्पा म्हणजे 900 वजा 36, अर्थात 864 मिमी. कटिंग लिस्टही तयार झाली. मग गिऱ्हाईक म्हणतं, बाजूंना आतून-बाहेरून सनमायका हवा. दोन्हीकडून एकेक मिमी धरला तरी फळी 20 मिमीची होते आणि कप्प्याला जागा उरते 860 मिमी. जुन्या यादीप्रमाणे कापलेला प्रत्येक कप्पा 4 मिमीने जास्त! तो निदान पुन्हा कापता येतो. उलट, आणलेला प्लाय 17 मिमीच भरला तर कप्पा 2 मिमीने आखूड पडतो, आणि आखूड फळी काही वाढवता येत नाही.

पॅरामेट्रिक कॅडमध्ये कप्प्याची लांबी '864' अशी लिहीत नाहीत. 'रुंदी वजा दोन वेळा जाडी' असं सूत्र देतात. जाडी बदलली की कप्पे, ड्रॉवर, मागची फळी, सगळ्यांची मापं नव्याने निघतात. आकृतीला असे नियम लावण्याची कल्पना इव्हान सदरलँड यांच्या 1963च्या 'स्केचपॅड'मध्ये होती. 1988 मध्ये आलेल्या 'प्रो/इंजिनिअर'ने ती कारखान्यांपर्यंत नेली.

मग अडचण कुठे येते?

भाग नेमके कशाला जोडायचे, इथे. कप्प्याचं टोक थेट बाजूच्या फळीच्या पृष्ठभागाला जोडणं सगळ्यात सोपं वाटतं. पण नंतर त्या फळीत खाच पाडली की सॉफ्टवेअरच्या हिशोबात पृष्ठभागांचे क्रमांक बदलू शकतात आणि कप्पा भलतीकडेच जाऊन चिकटतो. 'फ्रीकॅड' वापरणारे या दुखण्याने अनेक वर्षं वैतागले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत ते बरंच कमी झालं, पूर्ण गेलेलं नाही. शिवाय कप्पा फळीवर, फळी ड्रॉवरवर आणि ड्रॉवर पुन्हा कप्प्यावर अवलंबून ठेवला, तर हिशोब गोल फिरतो आणि एरर येतो.

त्यापेक्षा मुख्य मापांचा एकच तक्ता करावा आणि प्रत्येक भागाने माप तिथूनच घ्यावं. फ्रीकॅडमध्ये यासाठी 'स्प्रेडशीट' आहे, फ्यूजनमध्ये 'चेंज पॅरामीटर्स', सॉलिडवर्क्समध्ये 'इक्वेशन्स'. साधं कपाट पाच-सहा आकड्यांवर उभं राहतं, त्यामुळे फर्निचरला ही पद्धत चपखल बसते. बिजागरीची उंचीही त्यातच लिहावी, म्हणजे दारातलं 35 मिमीचं भोक आणि फळीवरची पट्टी समोरासमोर येतात. फ्रीकॅड मोफत असल्याने छोट्या वर्कशॉपलाही हे करून बघता येतं.

तक्ता वेगळ्या फाइलमध्ये असेल, तर त्या फाइलचं नाव किंवा जागा बदलल्यावर दुवा तुटू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कपाटाची फाइल पाठवली आणि तक्ता पाठवायचा राहिला, तरी तेच.

आणि जाडी टाकण्याआधी आलेली शीट व्हर्निअरने मोजलेली बरी. दुकानदाराने 18 सांगितलं आणि तक्त्यात 18 टाकलं, तर सॉफ्टवेअर 18च धरणार.