हिऱ्याच्या पदकासाठी साखळी किती लांब असावी?

हिरा खरेदी करताना ग्राहक त्याचे वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू यांची बारकाईने चौकशी करतो. प्रमाणपत्र मागतो, भिंगातून खडा न्याहाळतो, दोन-चार पेढ्यांवर भाव विचारतो. मात्र ज्या साखळीत हे पदक ओवायचे, तिची निवड शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते. विक्रेता जी साखळी पुढे करील ती बहुधा पसंत पडते. घरी आल्यावर लक्षात येते, की पदक ब्लाउजच्या गळ्याच्या काठावर अर्धे आत, अर्धे बाहेर अडकते किंवा मंगळसूत्रात गुंतते. मग हौसेने घेतलेला दागिना लॉकरमध्येच पडून राहतो. हिरा कितीही उत्तम असला तरी तो गळ्यावर नेमका कोठे विसावणार, हे साखळीच ठरवते.

महाराष्ट्रातील पारंपरिक दागिन्यांना ही अडचण फारशी नव्हती. ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, तन्मणी हे गळ्यालगतचे दागिने मानेमागे दोऱ्याने बांधले जात. पटवेकरी दागिना ओवून त्याला गोफ लावून देई आणि नेसणारी स्त्री तो गोफ सैल वा घट्ट करून दागिना आपल्या गळ्यावर बसवी. मोहनमाळ किंवा चपलाहार म्हटले, की तो छातीवर खालपर्यंत रुळणार हे सांगावे लागत नसे. दागिन्याच्या नावातच त्याची जागा ठरलेली होती. तयार साखळीला असे नाव नाही आणि बहुतेक वेळा गोफही नाही. तिच्याजवळ आहे तो केवळ इंचांचा आकडा. तो आकडा आपल्या गळ्यावर काय दिसेल, याचा अंदाज ग्राहकालाच घ्यावा लागतो.

बाजारात साखळ्या साधारणतः १४, १६, १८, २०, २२ आणि २४ इंचांच्या मिळतात. ही लांबी साखळी सरळ पसरून, हूकसह, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलेली असते. तीत पदकाची उंची धरलेली नसते. त्यामुळे साखळी १८ इंचांची असली आणि पदक कडीसह एक इंच उंच असले, तर हिरा अपेक्षेपेक्षा तेवढाच खाली उतरतो. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. साखळी मानेभोवती दोन्ही बाजूंनी उतरत असल्याने तिची लांबी दोन इंचांनी वाढवली, तर पदक सुमारे एक इंचच खाली येते. ‘थोडी लांब द्या’ म्हणून १६ ऐवजी १८ इंचांची साखळी घेणाऱ्याला फरक जाणवत नाही, तो यामुळेच.

मानेचा घेर साडेतेरा-चौदा इंच असल्यास १४ इंचांची साखळी गळ्याला चिकटून बसते. १६ इंचांची साखळी गळ्याच्या तळाशी, खळग्याच्या आसपास येते. १८ इंचांची गळ्याखालच्या हाडांच्या किंचित खाली उतरते. २० आणि २२ इंचांच्या साखळ्या छातीच्या वरच्या भागावर रुळतात, तर २४ इंचांची त्याहून खाली जाते. परंतु हे सारे त्या विशिष्ट घेराचे वर्णन आहे. मान १६ इंचांची असेल, तर १६ इंचांची साखळी गळ्याला आवळेल आणि तिच्यात ओवलेले पदक उभे राहील. मैत्रिणीच्या गळ्यात शोभलेली साखळी आपल्याला तशीच दिसेल, ही अपेक्षा म्हणूनच फसवी ठरते. दुकानातील मखमली पुतळ्याची मान तर लांब आणि सडपातळ असते. तिच्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

दोऱ्याची कसोटी

सर्वांत विश्वासार्ह उपाय अगदी साधा आहे. घरी आरशासमोर उभे राहून गळ्याभोवती जाड दोरा घ्यावा आणि त्यात पदकाच्या वजनाची एखादी किल्ली किंवा जुने पदक ओवावे. हिरा जेथे यावा असे वाटते तेथे ते आणून दोरा मानेमागे चिमटीत धरावा, खूण करावी आणि मोजपट्टीने मोजावे. हा प्रयोग एकाच कपड्यावर करून थांबू नये. दागिना ज्या कपड्यांवर अधिक वेळा घातला जाणार आहे, त्यांपैकी निदान दोन कपड्यांवर तो करून पाहावा. रुंद, खोल गळ्याच्या ब्लाउजवर हिरा त्वचेवर, काठाच्या निदान एक इंच वर यावा. बंद गळ्याच्या कुडत्यावर तो कापडावर मोकळा रुळावा. काठाच्या नेमक्या रेषेवर येणारी लांबी मात्र टाळावी. त्या जागी पदक सतत उलटते आणि कापडाचे धागे खड्याच्या दातांत अडकतात.

खड्याच्या आकाराचाही विचार हवा. दहा ते तीस सेंटचा एकच खडा असेल, तर १६ किंवा १८ इंचांवर तो नजरेत भरतो. २४ इंचांवर साडीच्या निऱ्या-पदरात तो हरवून जातो. उंच, लोंबते पदक असल्यास २० इंचांपासून पुढे पाहावे. काही जणी रोजच्या वापरासाठी १६ किंवा १८ इंचांचे हिऱ्याचे छोटे मंगळसूत्र पसंत करतात. त्यावर वेगळे हिऱ्याचे पदक घालायचे असेल, तर दोन्ही साखळ्यांच्या लांबीत किमान चार इंचांचे अंतर ठेवावे. दोन इंचांच्या फरकाने पदके एकमेकांवर येऊन आदळतात आणि काळ्या मण्यांत बारीक साखळी गुंतते.

मोत्यांच्या बाबतीत तर ही सावधगिरी अधिकच आवश्यक आहे. हिरा हा सर्वांत कठीण नैसर्गिक पदार्थ आहे, मोती अत्यंत मऊ. तन्मण्याच्या सरांवर हिऱ्याचे पदक घासत राहिले, तर मोत्यांवर चरे पडतात आणि ते बुजत नाहीत. मोत्यांचे सर जेथे संपतात, त्याच्या बरेच खाली पदक यावे, अन्यथा त्या दिवशी पदक घरी ठेवलेले बरे.

साखळी किती जाड असावी, हा प्रश्न लांबीशी जोडलेलाच आहे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यामुळे पदकाच्या वजनात हिऱ्यापेक्षा सोन्याचाच वाटा मोठा असतो. बडोद्याच्या गायकवाडांच्या खजिन्यातील ‘स्टार ऑफ द साउथ’ हा १८५३ मध्ये ब्राझीलमध्ये सापडलेला हिरा सुमारे १२८ कॅरेटचा, म्हणजे २६ ग्रॅमांच्या आतबाहेरचा. तो एकेरी साखळीत ओवला नव्हता, हिऱ्यांच्या अनेक सरांच्या हारात बसवला होता. सामान्य पदकाला असा डामडौल लागत नाही. पण त्याच्या वजनाने साखळी ताणली जाऊन मानेवर रुतत नाही ना, हे पाहायला हवे. एकाच घडणीची साखळी १६ इंचांना ३.२ ग्रॅम भरत असेल, तर २० इंचांना ती ४ ग्रॅम भरेल. हा फरक वाचवण्यासाठी लांब पण केसासारखी बारीक साखळी घेणे ही काटकसर महागात पडते. साखळी झिजते ती पदकाच्या कडीखाली, आणि तुटली तर हरवतो तो हिरा. लहान मूल कडेवर असणाऱ्या स्त्रीने तर लांब, बारीक साखळी रोज वापरूच नये.

ज्यांना निश्चित निर्णय घेता येत नाही, त्यांच्यासाठी जादा कड्यांची साखळी सोयीची असते. १८ इंचांच्या साखळीत १६ इंचांवर हूक अडकवण्यासाठी एक कडी बसवून घेतली, की एकच पदक दोन जागी घालता येते. जुन्या गोफाचेच हे नवे रूप म्हणता येईल. सापाच्या अंगासारखी गुळगुळीत, अखंड घडणीची साखळी मात्र अशी मधेच अडकवता येत नाही. ती एकदा मुडपली, की सहसा सरळही होत नाही.

घेतलेली साखळी सराफाकडून आखूड करून घ्यायची असल्यास कापण्यापूर्वी आणि नंतर तिचे वजन आपल्यासमोर करून घ्यावे आणि निघालेल्या कड्या परत मागाव्यात. भारतात १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांची एचयूआयडी खूण असणे विक्रीसाठी बंधनकारक झाले आहे. साखळीवर ही खूण बहुधा हूकाजवळच्या पट्टीवर असते. ती पट्टी काढून टाकली जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे.

आखूड साखळीतील हिरा त्वचेला सतत लागून असतो. हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो. केसांचे तेल, क्रीम, घाम यांचा थर बसून महिन्याभरात खडा मंद दिसू लागतो आणि मालकिणीला उगाच त्याच्या दर्जाची शंका येते. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने पदकाची मागची बाजू घासावी, स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावे. हे काम वाहत्या नळाखाली न करता भांड्यात करावे, आणि मोरीचे भोक आधी बंद करावे.