भूभाडे व सेवाशुल्क : पट्टेदारांचे हक्क (इंग्लंड व वेल्स)

इंग्लंड व वेल्समध्ये सदनिका बहुधा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने विकली जाते; जमीन मालकाकडेच राहते आणि पट्टेदार त्याला भूभाडे (जमिनीपोटीची ठरावीक रक्कम) व सेवाशुल्क (देखभाल, विमा, व्यवस्थापन यांच्या खर्चातील वाटा) देतो. २००२ च्या कायद्यानुसार विहित नमुन्यातील मागणीपत्र मिळेपर्यंत भूभाडे देय होत नाही. ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या निवासी पट्ट्यांवर ते आकारताच येत नाही. ही बंदी घालणाऱ्या २०२२ च्या कायद्याने जुन्या पट्ट्यांना हात लावला नाही, ही त्याची मोठी उणीव होय. सेवाशुल्काबाबत १९८५ चा जमीनमालक व भाडेकरू कायदा अधिक भक्कम आहे: खर्च वाजवी असला पाहिजे, मागणीसोबत हक्कांचा गोषवारा जोडलेला नसल्यास रक्कम रोखून धरता येते, आणि दुरुस्तीपोटी एका पट्टेदाराचा वाटा २५० पौंडांहून अधिक होणार असल्यास आधी सल्लामसलत करावी लागते; ती टाळल्यास, न्यायाधिकरणाने सूट दिल्याखेरीज, त्यापुढील वसुली होत नाही. खर्च झाल्यापासून १८ महिन्यांत मागणी किंवा लेखी सूचना दिली नाही, तर मालकाचा त्या रकमेवरील हक्क संपतो. इंग्लंडमधील असे वाद प्रथमस्तरीय न्यायाधिकरणापुढे चालतात, आणि पट्टेदाराने रक्कम भरली, एवढ्यावरून त्याने ती मान्य केली असे कायदा समजत नाही.